माझ्या जिवाचं हमीपत्र

"झोप येत नाही. डोक्यावरचे केस उपटते. वाटतं, आपण नसतो तर घरच्यांची सुटका झाली असती."

हे मी बोलले होते. बंद खोलीत, एकट्या मॅडमजवळ. आणि आता लातूरच्या त्या क्लासचे संचालक सर ते मोठ्याने वाचत होते. वहीतून. माझ्या बापासमोर.

केबिनमध्ये आम्ही पाच जण. टेबलामागे सर. बाजूला समुपदेशक मॅडम, मान खाली. समोर दोन खुर्च्या. एकीवर नांदेडचे कुणी डॉक्टर, त्यांचा मुलगा पहिल्या बॅचला होता. दुसरी रिकामी, आणि बाबा तिच्या मागे उभे. बसा म्हणायला कुणी नाही आणि न सांगता बसायची त्यांना सवय नाही. मी दाराजवळ, ओढणी डोक्यावरून घट्ट घेतलेली.

सर केसांच्या ओळीपाशी थांबले. म्हणाले, "ओढणी काढ. बघू दे वडिलांना."

मी काढली. हो, काढली. आज लोक विचारतात, का काढलीस? सतरा वर्षांची होते मी, आणि सर म्हणाले होते. टाळूवर रुपयाएवढ्या तीन जागा उघड्या पडलेल्या. डॉक्टरांनी च्च् च्च् केलं. बाबांनी एकदा पाहिलं आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

"तुमच्या कॅटेगरीला तर एवढं टेन्शन घ्यायचं कारणच नाही," सर म्हणाले. "कमी मार्कांत लागतं तुमचं. तरी ही नाटकं. मग आमच्या पोरांनी काय करावं?"

जात मी तिथे कुणाला सांगितली नव्हती. प्रवेशाच्या फॉर्मवर होती, तेवढी पुरे झाली.

मग कारकुनाने स्टँप पेपर आणून ठेवला. वर मोठ्या अक्षरात हमीपत्र. पाल्याच्या मानसिक अवस्थेची सर्व जबाबदारी पालकाची. पाल्याने जिवाचं काही बरंवाईट करून घेतल्यास संस्था जबाबदार राहणार नाही. राजीखुशीने लिहून देत आहे. खाली बाबांचं पूर्ण नाव टाइप करून तयार. म्हणजे बाबा बिलोलीहून पहाटेच्या एसटीत बसले, त्याच्या आधीच हा कागद झाला होता.

बाबांनी खिशातला पेन काढला. वाचलं नाही. सही केली. मग वाकून विचारलं, "साहेब, अजून कुठं सही लागती का?"

सरांचा राग मला फार नंतर आला. त्या क्षणी बापाचा आला.

बाबा तालुक्याच्या एका सरकारी कचेरीत शिपाई. आमचं गाव तिथून जवळच, आणि घर गावाच्या खालच्या अंगाला. दहावीला मी केंद्रात पहिली आले तेव्हा ज्यांनी आम्हाला कधी ओसरीवर बसवलं नाही तेही पेढा मागायला आले. शाळेतले गुरुजी म्हणाले, पोरगी हुशार आहे, लातूरला घाला. नांदेड जवळ होतं. पण डॉक्टर व्हायचं तर लातूर, हे आमच्याकडे लहान पोरालाही पाठ.

त्या क्लासची रीत सांगते. रविवारी परीक्षा, सोमवारी भिंतीवर यादी. यादीप्रमाणे बॅच बदलायची. वरचे खाली, खालचे वर. पहिल्या बॅचला गार खोली, शेवटच्या बॅचला गच्चीवरचं पत्र्याचं शेड. सोमवारी सकाळी नाव घसरलेल्याने सगळ्यांसमोर आपली बॅग उचलायची आणि जिना चढायचा. शिपाई नाव पुकारायचा. मी पहिल्या बॅचमध्ये बसले होते. दिवाळीपर्यंत तिसरीत आले. संक्रांतीला पत्र्याखाली. घरी फोनवर सांगत राहिले, मस्त चाललंय.

आधी झोप गेली. मग हात डोक्याकडे जायला लागला. एक केस, मग दुसरा. पुस्तकात केस, उशीवर केस. सोबतची पोरगी एक दिवस म्हणाली, तू तुझं तूच काय करून राहिली गं? मला खरंच माहीत नव्हतं.

जिन्याशेजारी एका खोलीवर पाटी होती. मन मोकळं करा, सर्व काही गुप्त. मी गेले. मॅडम चांगल्या होत्या, हे मी मुद्दाम लिहिते. त्यांनी पाणी दिलं. जेवलीस का, म्हणून विचारलं. तीन महिन्यांत ते कुणी विचारलं नव्हतं. मी रडले आणि आतलं सगळं त्यांच्यापुढे ओतलं. त्या वहीत लिहीत होत्या. मला वाटलं, डॉक्टर लिहितात तसं असेल. त्या खेकसल्या असत्या तर मी एक शब्द बोलले नसते. चांगुलपणानेच माझा घात केला.

त्याच दिवशीच्या एसटीने बाबा मला सामानासकट घरी घेऊन आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी बिलोलीत जाऊन हमीपत्राच्या प्रतीला प्लास्टिक चढवून आणलं आणि फायलीत ठेवलं.

आणि इथून पुढे आमच्या घरात जे झालं ते शिपायाच्याच घरात होऊ शकतं. त्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या सह्यांचे कागद या टेबलावरून त्या टेबलावर नेले. एका सहीने कुणाची जमीन गेली, कुणाची नोकरी लागली, हे रोज बघितलं. सही म्हणजे माणूस बांधला गेला, एवढंच त्यांना कळत होतं. त्यांनी धरून घेतलं की माझ्या जिवाचे ते आता सरकारदरबारी जामीन आहेत. मला काही झालं तर पोलीस त्यांना घेऊन जाणार.

"म्या लिहून दिलंय," ते मायला सांगत होते. "स्टँपवर. हिच्यावरची नजर हटू द्यायची न्हाई."

न्हाणीची कडी काढली. माझ्या खोलीची काढली. मी अंगणात गेले तर माय मागे, दुकानात गेले तर बाबा मागे. त्यांनी कचेरीतून रजा टाकली आणि फाईल मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसू लागले. पुस्तकं माळ्यावर गेली. मोबाइल गेला. शेजारच्या बाया पीठ मागायच्या निमित्ताने येऊन मला बघून जायच्या. "शिकवायला नेली अन् येडी करून आणली," हे मी भिंतीपलीकडून ऐकलं.

मला मरायचं नव्हतं. हे कुणाला सांगू? मला वाटलं होतं की आपण नसतो तर बरं, पण ते थकल्याचं वाटणं होतं. कुणी जवळ बसून विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. विचारत कुणीच नव्हतं, सगळे राखत होते. आणि खरं लिहायचं तर त्या पहाऱ्यात मात्र मला जगणं नकोसं व्हायला लागलं. न्हाणीत दार ढकलून लावलेलं, बाहेरून माय दर मिनिटाला हाक मारतेय, आणि मी अंगावर पाणी न घेता नुसती बसलेली. असे चार महिने गेले.

सुरेखाताई आमच्या गावच्या आशा कार्यकर्त्या. शेजारच्या बाळाचं वजन करायला आल्या होत्या. पाणी प्यायला आमच्याकडे वळल्या आणि दाराकडे बघत राहिल्या. कडी काढलेली भोकं दिसत होती. त्यांनी मायला काही विचारलं नाही. माझ्याशेजारी येऊन बसल्या.

"लई जड झालंय का गं?"

मी मान हलवली. मग हळूहळू सगळं सांगितलं, स्टँप पेपरचंही, आणि त्या ऐकत राहिल्या. वही नाही, पेन नाही. बऱ्याच वेळाने बाबांना म्हणाल्या, "भाऊ, तो कागद द्या बरं."

त्यांनी तो मोठ्याने वाचला. पहिल्या ओळीपासून खालच्या तारखेपर्यंत. आमच्या घरात तो पहिल्यांदाच पुरता वाचला गेला.

"भाऊ, ह्याच्यात तुमाला कोणी आत घालत न्हाई. त्या लोकांनी आपली मान सोडवून घेतली, एवढंच हाय."

"तुमी काय सांगता ताई," बाबा म्हणाले. "साहेबांनी स्टँपवर घेतलंय."

तरी ताईंनी आम्हाला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथे ठरलेल्या वारी मनाचे डॉक्टर येतात. बाबा फाईल घेऊनच आले. डॉक्टरांनी आधी बाबांना बाहेर बसवून माझं ऐकलं. मग त्यांना आत बोलावून विचारलं, "तुम्ही झोपता का?" बाबा उभ्या उभ्या रडले. साहेबापुढे. मी त्यांना रडताना कधी बघितलं नव्हतं.

गोळ्या सुरू झाल्या. दर गुरुवारी सुरेखाताई उपकेंद्राच्या व्हरांड्यात सतरंजी टाकतात. पोरं येतात, त्यांच्या आया येतात, एखादा बाप कोपऱ्यात येऊन बसतो. कुणी बोलतं, कुणी नुसतं बसतं. गाव त्याला येड्यांचा गुरुवार म्हणतं. मी जात राहिले. केस परत आले. कड्या मात्र बाबांनी बसवल्या नाहीत.

दोन वर्षं गेली. जूनमध्ये तालुक्याच्या सभागृहात त्याच क्लासचा मार्गदर्शन मेळावा लागला. गुरुवारी येणाऱ्या एका बाईच्या हातात मला त्याचं पत्रक दिसलं. तिची पोरगी नुकतीच दहावी झालेली, परीक्षेच्या दिवसांत उलट्या करणारी. बाई म्हणाली, "तू तिथंच शिकली न्हवं? चांगलं हाय का?" मी एवढंच म्हणाले, चला, मीही येते.

मंचावर तेच सर. त्याच मॅडम. आणि सभागृहात ड्युटीवर, खाकी गणवेशात पाण्याचे ग्लास फिरवत, माझे बाबा.

मॅडम माइकवर बोलल्या, "मुलांनो, मनात काही असेल तर आमच्याकडे या. तुमचं बोलणं आमच्या भिंतीबाहेर जात नाही."

मी उभी राहिले.

"मॅडम, माझं गेलं."

आणि मी ती तीन वाक्यं म्हटली. झोपेचं, केसांचं, नसण्याचं. माझ्या तोंडाने, भरल्या सभागृहात. नंतर सांगितलं, सरांनी हे माझ्या बापासमोर वाचलं. परक्या माणसासमोर ओढणी काढायला लावली. माझ्या जातीला टेन्शन घ्यायचं कारण नाही म्हणाले. बोलताना कळलं की मला लाज वाटत नव्हती. ती माझी कधी नव्हतीच, इतके दिवस उगाच मी सांभाळत बसले होते.

सरांनी इकडेतिकडे बघितलं आणि खाकी कपडे दिसले.

"ए शिपाई, हिला बाहेर काढ."

ओळखलं नाही. ज्या माणसाला पोरीने स्वतःचे केस उपटल्याचं वाचून दाखवलं, त्याचा चेहरा यांच्या ध्यानात नव्हता.

बाबांनी ट्रे खाली ठेवला. माझ्याकडे आले. मला वाटलं, आता बोलतील. हिचा बाप आहे म्हणतील. त्यांनी माझं मनगट धरलं.

"चाल बाई. भायेर चाल."

आणि मला बाहेर काढलं. माझ्या बापाने. पायरीवर बसवलं, मनगट सोडलं नाही. "साहेब म्हणले," ते पुटपुटत होते. "मही सही हाय त्यायच्यापाशी. तू गप ऱ्हा माय, मही सही हाय."

मी त्यांच्याकडे बघितलं. दया आली. आणि त्या दयेनेच मी परत गप्प बसेन, हेही दिसलं.

"बाबा, सही तुमची हाय," मी म्हणाले. "जीव महा हाय. त्यो तुमाला कोणाला लिहून देता येत न्हाई."

एकेक करून त्यांची बोटं सोडवली. जोर लावावा लागला. ते मागून हाक मारत राहिले आणि मी परत आत गेले.

माइक कुणी दिला नाही. दारातूनच ओरडले, "मला बाहेर काढणारा शिपाई माझा बाप आहे! ह्यांनीच त्यांची सही घेतली. प्रवेश घ्यायच्या आधी तो कागद मागा. पोराला समोर बसवून वाचा."

टाळ्या पडल्या नाहीत. मागून कुणी म्हणालं, "येडी हाय ती, गोळ्या चालू हायत तिला." लोक हसले. माझ्या देखत पालकांनी फॉर्म भरले. माझ्यासोबत आलेल्या त्या बाईनेही भरला. पोरीने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आईमागे रांगेत उभी राहिली.

बाबांना कचेरीत बोलणी बसली. ते माझ्याशी नीट बोलत नाहीत. मीही त्यांना माफ केलेलं नाही. एका घरात राहतो, एका ताटलीतल्या भाकरी तोडतो, आणि दोघांनाही ठाऊक आहे की परत तशी वेळ आली तर ते मला बाहेरच काढतील.

मी बरी झालेले नाही. कुठे याद्या लागल्या ऐकलं तरी हात अजून डोक्याकडे जातो. सांगणारे सांगतात, आधी बरी हो, मग बोल. त्यांना माझं बरं होणं नको आहे, माझं गप्प होणं हवं आहे. ती पोरगी लातूरला गेली. तिच्या आईकडून तिचा नंबर घेतलाय, रोज फोन करते. कधी उचलते, कधी नाही. पुढच्या जूनमध्ये ते लोक परत येतील. मी पहिल्या रांगेत बसेन. बाहेर काढलं तर आत येईन. परत काढलं तर परत येईन. येडी तर येडी. बरी व्हायची वाट बघत मी गप्प बसणार नाही.