सोबतीला कोण?

मावशी सगळ्या शहराची मावशी होती. सख्ख्या भाच्याला मात्र तिची आठवण वर्षाकाठी एकदा व्हायची, तीही कोणी करून दिली तर.

आजाऱ्याजवळ बसणं हे तिचं काम. घरच्यांना नोकऱ्या असतात, झोप हवी असते, कंटाळाही येतो, माणसंच ती. मग मावशीला बोलावणं यायचं. ती यायची, स्टूल ओढायची, शाल पांघरायची आणि बसायची. पेशंट दचकून जागा झाला की तिचं एकच वाक्य ठरलेलं होतं, "झोपा निवांत. मी आहे हं इथे." या वाक्याच्या भरवशावर कितीतरी माणसं झोपली. काही परत उठली नाहीत, पण तो काही वाक्याचा दोष नव्हे.

अशी ही बाई एका बऱ्या झालेल्या पेशंटचा निरोप घेऊन जिना उतरत होती. जन्मभर दुसऱ्यांना "पाय बघून टाका" म्हणून सांगणारी, पण स्वतः मात्र वर बघत, हात हलवत निघाली होती. जिना संपला असं समजून तिनं पाऊल टाकलं आणि एक पायरी शिल्लक निघाली. घोट्यातून काडकन आवाज आला. रस्त्यावरच्या टॅक्सीवाल्यानं तिला धरून गाडीत घातलं आणि हॉस्पिटलच्या दारात सोडलं.

हॉस्पिटल ओळखीचंच होतं. एक्स-रे झाला, पायाला तात्पुरता आधार बांधला, आणि वॉर्डबॉय तिची चाकांची खुर्ची कॉटशी लावून गेला. ही शहाणी खुर्चीतून सरकली ती सवयीनं थेट स्टुलावर. नर्स आली, रिकामी कॉट पाहिली आणि म्हणाली, "मावशी, पेशंटला कुठे पाठवलंत?"

"मीच आहे," मावशी म्हणाली.

दोघीही हसल्या. नर्सनं तिला कॉटवर घेतलं, पाय उशीवर ठेवला आणि ती पुढच्या कामाला गेली. स्टूल रिकामं राहिलं. मावशीनं ते या बाजूनं कधी पाहिलंच नव्हतं, आणि आता पाहिल्यावर तिला ते मुळीच आवडलं नाही. ज्या पेशंटचं स्टूल रिकामं असतं त्याच्याशी वॉर्डात सगळे जरा जास्तच गोड बोलतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती स्वतःही बोलली होती. तिनं अंगावरची शाल काढली आणि घडी न करताच स्टुलावर टाकली. कोणीतरी चहाला गेलंय, येईल एवढ्यात, असं वाटावं म्हणून.

डॉक्टर तरुण होता, पण घाई न करता बोलला. घोट्याचं हाड मोडून थोडं सरकलं होतं. ऑपरेशन करून प्लेट बसवली तर ते जागेवर पक्कं राहणार होतं. नुसत्या प्लास्टरनंही जुळलं असतं, पण आतल्या आत पुन्हा सरकलं तर घोटा वाकडा जुळणार, आखडणार. मग जड माणसं उचलायचं विसरा, असं त्यानं सरळ सांगितलं. पेशंटला कुशीवर वळवायचं तर आधी आपला पाय घट्ट रोवावा लागतो, मावशीचं सगळं पोट त्या एका घोट्यावर होतं. ती ऑपरेशनला हो म्हणणार, तेवढ्यात डॉक्टरची नजर स्टुलाकडे गेली.

"सोबत आलेत त्यांना मला भेटायला सांगा. ऑपरेशनच्या वेळी बाहेर कोणीतरी हवं, आणि नंतरही दोन-तीन दिवस."

"सांगते," मावशी म्हणाली. शालीनं आपलं काम चोख केलं होतं.

तिनं भाच्याला लावलेला फोन वाजून वाजून बंद झाला. पैसे देऊन एखादी बसवता आली असती, तिच्या ओळखीत तशा बायका होत्या. पण पैसे घेऊन बसणारीचं मन कुठे असतं हे तिच्याइतकं कोणाला माहीत? हात पेशंटच्या कपाळावर आणि डोळे घड्याळावर. तिला आयुष्यात एकदा तरी त्या स्टुलावर आपणहून आलेलं माणूस बसलेलं हवं होतं. हट्टच म्हणा हवं तर.

आणि तसं एक माणूस होतं. एक शिक्षिका. तिची आई अंथरुणाला खिळली तेव्हा मावशीनं शेवटपर्यंत तिचं सगळं केलं होतं. आई गेली त्या दिवशी शिक्षिका मावशीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली होती आणि म्हणाली होती, "तुम्ही आता घरच्याच. कधीही, काहीही लागलं तरी मला फोन करायचा." ठेवणीतले कपडे जपावेत तसं मावशीनं ते बोलणं इतकी वर्षं जपलं होतं. आज तिनं ते बाहेर काढलं.

"मावशी! शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला," पलीकडून शिक्षिका म्हणाली. "आत्ता तुमचंच नाव काढलं होतं." आणि ती सुरू झाली. सासऱ्यांना पक्षाघात झाला होता, कालच घरी आणलं होतं, शाळा सोडून तिला घरी बसता येत नव्हतं, जीव नुसता मेटाकुटीला आला होता. मावशी उद्यापासून येतील का?

मावशीनं सवयीनं विचारलं, गिळता येतं का, पाठ लाल झालीय का. मग म्हणाली, "दीड-दोन महिने जमायचं नाही हो. एक बाई पेशंट आहे."

"काय झालंय?"

"घोटा मोडलाय. ऑपरेशन करायला हवं, पण सोबतीला कोणी नाही."

"अगदीच कोणी नाही?"

मावशीनं फोन दुसऱ्या कानाला लावला. एवढ्यावरूनही शिक्षिकेनं ओळखलं असतं तर. "नाही," ती म्हणाली.

"अरेरे," शिक्षिका मनापासून हळहळली. "पण नशीबवान म्हणायची. तुम्ही तरी आहात तिला."

शिक्षिका वाईट नव्हती. तिचं लक्ष तिच्या दुखण्यावर होतं, एवढंच. मावशीनं सासऱ्यांची पाठ कशी जपायची ते नीट समजावून सांगितलं आणि फोन ठेवला.

डॉक्टरला तिनं प्लास्टर घाला म्हणून सांगितलं. भुलीची भीती वाटते म्हणाली. त्यानं परत समजावून पाहिलं, पण म्हातारी माणसं भुलीला घाबरतात हे त्यालाही माहीत होतं. त्याला ते पटलं.

प्लास्टरच्या खोलीत प्लास्टरवाल्यानं आजूबाजूला पाहिलं. "पाय धरायला कोण आहे?" मग त्यानंच पट्टीचा फास करून तिच्या पायाच्या अंगठ्यात अडकवला आणि टोक तिच्या हातात दिलं. "ताणून धरा. पाय खाली येऊ देऊ नका."

ओलं प्लास्टर आधी गार लागलं. मग त्यानं घोटा दोन्ही तळव्यांत दाबला आणि तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. डोळे भरून आले, पण तिनं पट्टी सोडली नाही.

"झालं, झालं हं," ती हळूच म्हणाली. "मी आहे इथे."

"काय म्हणालात?" मान वर न करता प्लास्टरवाल्यानं विचारलं.

"तुम्हाला नाही," मावशी म्हणाली आणि पट्टी धरून बसली.