कार्ट्रिज बालाजीभाऊची, चूक माझी

बालाजीभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरला कॉलेजच्या प्रयोगशाळेत वह्या तपासत होतो. त्याला आता महिना झाला. तो माझा चुलतभाऊ, सहा वर्षांनी मोठा. जळकोटकडच्या आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, आणि दहावीवर थांबून नांदेडला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकणारा तो. लग्नाचं शूटिंग करणारे त्याच्याकडे रडकुंडीला येऊन पोचायचे. कॉपी चालू असताना हार्ड डिस्क उपसली की अख्खं लग्न गायब. भाऊनं त्यांच्यासाठी हार्ड डिस्क आत बसवायची, काढता-घालता येणारी कार्ट्रिज बनवली. कॉपी पुरी झाल्याशिवाय तिचा खटका सुटायचाच नाही. "पेटंट मिळंल का हो सर?" त्यानं विचारलं. चारचौघांत तो मला सरच म्हणायचा. कागदपत्रं मी अंगावर घेतली, मोठ्या ऐटीत.

अर्जाच्या आधी आमच्या कॉलेजात विज्ञान प्रदर्शन होतं. मी कार्ट्रिज मांडली, खटका उघडून दाखवला, आकृतीसकट पत्रकं वाटली. खाली भाऊचं नाव, त्याखाली माझं, डिग्रीसह. "आत्ताच कशाला दाखवून राहिला? आधी कागद तर होऊ दे," भाऊ म्हणाला होता. "तुला न्हाई कळायचं त्यातलं," मी म्हणालो...

चार महिन्यांनी अर्ज गेला. पुढं एका कंपनीनं तशीच कार्ट्रिज बाजारात आणली, वर भाऊच्याच अर्जाला हरकत घेतली. पुरावा म्हणून जोडलं माझं पत्रक. अर्जाआधी लोकांना दाखवलेली वस्तू नवी धरत नाहीत, एवढा साधा नियम. निकालात त्याच पत्रकाचं कारण देऊन पेटंट नामंजूर झालं. नोटिसा माझ्याच पत्त्यावर यायच्या. इंग्रजीतला निकाल भाऊला समजावून सांगायचा होता, तोही मीच. "कंपनीचं वजन पडलं, भाऊ," मी म्हणालो. तो कागद चाळत राहिला. मग म्हणाला, "जाऊ दे. तू लई पळापळ केलीस माझ्यापायी."

तेराव्याला वैनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हाला लिहिता येतंय. कंपनीनं ह्यांचं चोरलं म्हणून पेपरात लिहा." मी मान डोलवून "हाव" म्हणालो. लिहायला बसलो, तर हात चालेना. कंपनीनं चोरलंही असेल, वैनी. पण भाऊ हरला तो माझ्या पत्रकामुळं, आणि हे मी त्याला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

परवा दुकानात गेलो. निकालाची प्रत टेबलाच्या खणात, प्लास्टिकच्या पिशवीत होती. ती गुपचूप काढून न्यायलाच गेलो होतो. पुतणी आता इंजिनिअरिंगला आहे, तिला इंग्रजी येतं. पहिल्या पानावर भाऊचं छापील नाव, आणि त्याच्याभोवती कुंकवाचे डाग, नवे-जुने. "पप्पा दर दिवाळीला पूजेत मांडायचे," मागून आलेली पुतणी म्हणाली. "म्हणायचे, सरकारी कागदावर आपलं नाव आलंय, ते काय कमी हाय का."

मी ती प्रत तिच्या हातात दिली. म्हणालो, "बाळ, हे सगळं वाच. मी थांबतो इथंच."