रोज सकाळचा फोटो

मला ते सॉफ्टवेअर आवडलं होतं, हे आधी सांगायला हवं. नाहीतर पुढचं वाचून वाटेल की मला त्याचाच राग आहे.

दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये कोपऱ्यात एक जुना सर्व्हर पडून होता. मॅडमना विचारून मी शनिवारी त्याच्यापुढे बसायला लागले. एका मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात तीनचार वेगळे कॉम्प्युटर चालवता येतात, प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच आहोत, याला व्हर्च्युअलायझेशन म्हणतात हे पुस्तकात वाचलेलं होतं. पण ते करून देणारं एक सॉफ्टवेअर जगात कुणीतरी लिहून कुणालाही वापरायला मोकळं ठेवलंय, हे मला तिथे कळलं. इंग्रजीतली माहिती वाचायला मला वेळ लागायचा. तीन शनिवार गेले आणि मग चाललं. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलेलं नाही. वडील शिंगणापूरला एका दुकानात पूजेची ताटं भरून देतात. कुणी काही मोफत दिलं की मी जरा घाबरते, खरंच घ्यायचं का म्हणून. हे मात्र मी घेतलं.

तिसऱ्या वर्षी सहा आठवडे कुठेतरी काम शिकायचं आणि त्यांच्या सहीचं प्रमाणपत्र आणायचं असा नियम. प्रमाणपत्र नाही तर वर्ष पुरं होत नाही. मला जागा मिळाली ती नगरला सावेडीत, एका गाळ्यातल्या ऑफिसात; तिथल्या मालकांना मी सर म्हणायचे. छोट्या कारखान्यांना, दवाखान्यांना ते सर्व्हर बसवून द्यायचे. आतापर्यंत ते यासाठी एक विकतचं सॉफ्टवेअर वापरत होते, त्या परदेशी कंपनीनं भाव एकदम वाढवले आणि गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली. पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, "तुला काय येतं?" मी भीत भीत माझ्या शनिवारांबद्दल सांगितलं. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

पुढच्या आठवड्यात त्याच सॉफ्टवेअरवर सरांच्या फर्मचं नाव आलं. खाली लहान अक्षरात "आमची स्वतःची प्रणाली" असंही आलं.

एक अडचण होती. हे सॉफ्टवेअर उघडलं की दर वेळी एक चौकट समोर यायची. तुम्ही आमची वर्गणी भरलेली नाही, अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य. न भरता वापरायला बंदी नव्हती. ज्याला बनवणाऱ्यांची मदत हवी त्यानं भरावी, एवढंच.

"ही चौकट काढ," सर म्हणाले.

"सर, त्यांना कळायला नको का, हे मोफत आहे ते?"

सर हसले. "मोफत म्हटलं की गिऱ्हाईक वाकडं तोंड करतं. फुकटच्या डॉक्टरकडे कुणी जातं का? आपलं म्हणायचं. आपणच बसवतोय ना?"

बसवण्याच्या कामाचे पैसे घेण्यात काहीच गैर नाही, हे मलाही पटत होतं. पण "आपलं" हा शब्द खोटा होता. तरी मी ती चौकट काढली. एका फाइलमधली एक ओळ बदलायची होती. सर म्हणाले, "शाब्बास." आणि ते मला बरं वाटलं. आज सगळ्यात जास्त शिसारी त्या बरं वाटण्याचीच येते.

केडगावला एक रक्त तपासणीची लॅब होती. मालकीण डॉक्टर, वयानं पन्नाशीच्या पुढच्या. सगळे त्यांना डॉक्टरीणबाई म्हणत. त्यांच्याकडे तीन म्हातारे कॉम्प्युटर होते. एक रक्तपेशी मोजणाऱ्या मशीनला जोडलेला, एक रिपोर्ट छापायला, एक नमुन्यांच्या नोंदीला. ते तिन्ही एका सर्व्हरमध्ये घालायचे होते. सर इंग्रजी शब्द वापरून समजावत होते, त्या ऐकत होत्या, आणि मग माझ्याकडे वळल्या. "तू सांग गं, साध्या भाषेत."

मी म्हणाले, "घर एकच राहील, चुली तीन होतील."

"भावाभावांनी चूल वेगळी करावी तसं?"

"हो. एकीतलं दूध उतू गेलं तरी दुसरीला त्रास नाही."

"आणि घरालाच आग लागली तर?"

सर पटकन म्हणाले, "त्यासाठी फोटो आहे ना, मॅडम."

फोटो म्हणजे स्नॅपशॉट. एका क्षणी मशीन जसं आहे तसं धरून ठेवायचं, नंतर काही बिघडलं तर त्या क्षणावर परत जायचं. सरांनी एक खोटा रिपोर्ट बनवला, फोटो काढला, रिपोर्ट पुसला आणि बटण दाबून परत आणला. डॉक्टरीणबाई खुश झाल्या. कोपऱ्यात ताई उभ्या होत्या. ताई तिथे अकरा वर्षं होत्या, रक्त काढायच्या, मशीन चालवायच्या, रिपोर्टही टाइप करायच्या. त्या म्हणाल्या, "म्हंजे रोज काढला फोटो, तर कायबी जानार न्हाई?"

"काहीही जाणार नाही," सर म्हणाले. "रोज काढा." आणि मला म्हणाले, "कागद लिहून दे ताईंना."

ताईंनीच मला त्यांचा पेन दिला. मी मोठ्या अक्षरात लिहिलं: रोज सकाळी काम सुरू करण्याआधी तिन्हींचा फोटो काढावा. ताईंनी तो कागद मॉनिटरच्या वर चिकटवला.

परत येताना सरांच्या मोटरसायकलवर मागे बसून मी विचारलं, "सर, जुने फोटो कधी पुसायचे? आणि दुसऱ्या डिस्कवर बॅकअप?" मला माहीत होतं की फोटो म्हणजे वेगळी ठेवलेली प्रत नव्हे. तो त्याच डिस्कवर बसतो, आणि नंतर बदललेली प्रत्येक गोष्ट जुन्या रूपातही धरून ठेवतो. फोटो साठत गेले की डिस्क फुगत जाते. घराला आग लागली तर फोटोही घरातच जळणार. सर म्हणाले, "ते वर्षाच्या देखभालीच्या करारात बसवू. सगळं पहिल्याच भेटीत दिलं तर पुन्हा बोलावतील का आपल्याला?"

केडगाव ते सावेडी अंतर काही फार नाही, पण त्या दिवशी ते संपेना.

दोन आठवड्यांनी मी एकटीच अपडेट करायला गेले. सकाळची वेळ होती. ताईंनी नमुन्यांच्या टेबलापाशी मिनिटभर डोळे मिटून प्रार्थना केली, डोळे उघडले आणि फोटो काढायला बसल्या. तीन फोटो, प्रत्येकाला नाव: सोमवार सकाळ. मागच्या नावांत मला रविवारही दिसला.

"ताई, रविवारी तर लॅब बंद असते ना?"

"चर्चवरून येते ना मी. शटर उगडून फोटो काढते अन् जाते घरी. एक दिस चुकला अन् नेमकं तवाच काय झालं तर?"

तेव्हा तरी बोलायचं. मी नाही बोलले. अपडेट झाल्यावर ती चौकट पुन्हा उगवली. ताईंनी पुढे वाकून एकेक अक्षर लावत वाचलं आणि मला अर्थ विचारला; मी सांगितला. "वर्गणी न्हाई भरली म्हणतंय. कसली वर्गणी? गणपतीची का? आमी तर ख्रिस्ती मानसं." त्या स्वतःच्याच विनोदावर खूप हसल्या. मीही हसले आणि ती ओळ पुन्हा बदलून टाकली.

माझ्या पाचव्या आठवड्यात केडगावहून फोन आला की सगळं बंद पडलंय. सर आणि मी पोचलो तेव्हा बाकड्यावर उपाशीपोटी आलेली माणसं बसली होती आणि तिन्ही पडदे गोठलेले होते. मी सर्व्हर उघडला. डिस्क काठोकाठ भरली होती. तिन्ही चुलींचे मिळून सत्तरच्या वर फोटो होते, एकही दिवस न चुकता. लिहायला जागा उरली नाही म्हणून तिन्ही मशीन जागच्या जागी थांबली होती.

सरांनी माझ्या खांद्यावरून पाहिलं. त्यांना कळलं. मला ते त्यांच्या श्वासावरून समजलं. मग ते डॉक्टरीणबाईंकडे वळले आणि हळहळल्यासारखं म्हणाले, "मॅडम, तुमच्या ताईंनी घोळ घातलाय. एवढे फोटो कुणी काढतं का? मशीन भरून टाकलं सगळं."

ताई म्हणाल्या, "रोज काढा म्हनलात ना तुमी?"

"रोज म्हटलं म्हणून जुने ठेवायचे? थोडं डोकं वापरायचं की."

डॉक्टरीणबाई ताईंना म्हणाल्या, "अकरा वर्षं झाली तुला इथं. एकदा विचारायचं तरी. नाही जमत तर सांग, मी दुसरी मुलगी बघते उद्यापासून."

बाकड्यावरची माणसं ऐकत होती. ताईंचा चेहरा उतरला. त्यांचे यजमान घरी आजारी होते, हे मला त्यांनीच आधी कधीतरी सांगितलं होतं.

आणि सर थांबलेच नाहीत. "शिवाय मॅडम, शेवटी फुकटचं सॉफ्टवेअर आहे. फुकटच्या वस्तूत हे चालायचंच. मी म्हणतो आता आपण विकतचं घेऊ."

"फुकटचं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमचं आहे म्हणाला होता ना?"

"म्हणजे बसवलेलं आमचंच. पण मूळ फुकटचंच की ते."

जो शब्द लपवायला मी दोनदा चौकट काढली होती, तो आता त्यांच्याच तोंडातून अलगद आला. चाललं तर आपलं, बंद पडलं तर फुकटचं. ज्यांनी ते लिहून लोकांना दिलं त्यांचंही नाव खराब आणि ज्या बाईनं आमच्यावर विश्वास ठेवला तिचंही.

ताईंनी मॉनिटरवरच्या कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. अक्षर कुणाचं ते त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी माझं नाव घेतलं नाही. कदाचित लहान पोरगी म्हणून. ते मला सहन झालं नाही.

"ताईंची चूक नाही," मी म्हणाले.

"मोठ्यानं बोल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मला ते पुन्हा म्हणावं लागलं. कागद मी लिहिला. जुने फोटो पुसायला हवेत हे आम्हाला माहीत होतं आणि आम्ही सांगितलं नाही. फोटो म्हणजे बॅकअप नव्हे. सॉफ्टवेअर मोफत आहे, पण चांगलं आहे, बिघडलं ते आमच्यामुळे. असंच काहीतरी, पण इतकं नीट नाही. मध्ये दोनदा आवाज गेला.

"तू बाहेर थांब," सर म्हणाले.

"थांबू दे तिला इथंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "होईल का नीट?"

"जुने फोटो पुसून बघते. होईल बहुतेक."

सर मोबाईल कानाला लावून बाहेर गेले. मी सगळ्यात जुन्यापासून एकेक फोटो पुसायला घेतला. एकेकाला वेळ लागत होता. ताई शेजारी उभ्या राहून नावं वाचत होत्या आणि मी बटण दाबत होते. दुपार होत आली तेव्हा रिपोर्टचा पडदा हलला. त्या सकाळच्या नोंदी तेवढ्या गेल्या होत्या. नमुने रॅकमध्येच होते, ते ताईंनी पुन्हा मशीनला लावले. डॉक्टरीणबाई ताईंना एवढंच म्हणाल्या, "चल, लाग कामाला." माफी कुणीच मागितली नाही. पण दुसऱ्या मुलीचा विषय पुन्हा निघाला नाही.

मी हात धुवायला आत गेले तेव्हा ताई मागोमाग आल्या.

"तुला म्हाईत हुतं?"

"हो."

"कदीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

त्यांनी नळ बंद केला. "मंग मला रविवारी कशाला येऊ दिलंस?"

मला वाटलं होतं, बोलल्यावर त्यांना बरं वाटेल. त्यांना वाटलं नाही, आणि त्यांचं बरोबर होतं.

सरांनी मला सोमवारपासून येऊ नको म्हणून सांगितलं. सहीचा विषयच नव्हता. घरी सांगितलं तर वडील ताट पुसता पुसता म्हणाले, "तू कशाला मधी बोलली? आधी सही घ्यायची, मंग बोलायचं." आई हसली. मला राग आला, पण हसूही आलं.

महिन्याभरानं धीर करून मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. दुसऱ्या डिस्कवर बॅकअप लावून देते, पैसे नकोत, असं म्हणाले. त्या चांगल्या बोलल्या. पण म्हणाल्या, "तुझं खरं असेल पोरी, पण फुकटचं आता नको." त्यांनी दुसऱ्या एकाकडून विकतचं घेतलं होतं. ताई तिथेच आहेत, असं म्हणाल्या.

पुढच्या सुट्टीत मी दुसरीकडे सहा आठवडे काढणार आहे. त्यासाठी कॉलेजात एक फॉर्म भरावा लागला. पहिलं काम अर्धवट का सोडलं, याचा त्यात एक रकाना होता. मी पेन धरून उभी होते. खिडकीतल्या क्लार्कनी वर बघितलं. "घरगुती अडचण लिही. सगळे तेच लिहितात. दुसरं काही लिहिलंस तर फॉर्म परत येतो."

मी विचारलं, "खरं कारण लिहिलं तर?"

"किती ओळींचं आहे?"

"पाचसहा."

"रकाना एका ओळीचा आहे," ते म्हणाले.

मी घरगुती अडचण असं लिहिलं. त्यांनी शिक्का मारला.