मिठाची पुडी

इटलीतल्या आझियागोच्या पठारावर ओत्तिलियासारखी अंडी कोणाला रंगवता येत नसत. रानातलं पान अंड्यावर घट्ट बांधून ती ते कांद्याच्या सालींत उकडायची. टरफल तांबूस व्हायचं आणि पानाची नक्षी उमटायची. मे महिन्यात सगळं गाव दिवसभर शिवेवरून फेरी काढतं, साथीच्या काळातला नवस आहे तो. त्या दिवशी मुली मनातल्या माणसाला असं अंडं देतात. त्यानं ते घरी नेऊन जपायचं असतं.

बोर्तोलोनं जपलं नाही. ओत्तिलिया तेव्हा एकोणीस वर्षांची होती. दुपारी मंडळी गवतात जेवायला बसली आणि या पठ्ठ्यानं तिचं अंडं सोलून, मीठ लावून चारचौघांत खाऊन टाकलं! का, तर भूक लागली होती. ओत्तिलियाचं डोकंच फिरलं. पुढे तो चीजचा चाकासारखा गोल गड्डा घेऊन माफी मागायला दारात आला, तरी ही बधली नाही. लग्न तिनं केलं नाही, त्यानंही नाही. ती दुसऱ्यांच्या मुलींना अंडी रंगवून देत राहिली, तो वरच्या कुरणात गाई राखत राहिला. एका अंड्यापायी दोन आयुष्यं अशी एकेकटी गेली, याची हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही.

यंदा तिचे गुडघे गेले. फेरी आता कायमची सुटली हे कळल्यावर तिनं एक अंडं बाजूला काढलं आणि भाचीला, निवेसला म्हणाली, "मला शिवेवरच्या दगडापाशी नेऊन बसव."

"मावशी, बोर्तोलोसाठी ना? तो रांग सोडायचा नाही हं. एकदाही फेरी मोडली नाही त्यानं."

"नाही आला तर तू खा."

फेरी आली. बोर्तोलो मान खाली घालून समोरून पुढे गेला. तेवढ्यात तो थबकला, वळला आणि काठी टेकत तिच्याकडे आला.

"अरे, फेरी मोडली ना तुझी!"

"मोडू दे. तू रांगेत दिसली नाहीस. बरं नाही का?"

तिनं अंडं पुढे केलं आणि सोबत कागदाची छोटी पुडी. "घे. मीठही आणलंय. खा हवं तर."

त्यानं अंडं रुमालात गुंडाळलं, कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि तिच्याशेजारी दगडावर बसला.

"नको गं बाई. एकदा खाल्लं, तर पन्नास वर्षं उपाशी राहिलो."