पानांचे झाले मासे

पोहे भिजवले होते, दूध वर यायला आलं होतं, तेवढ्यात दार वाजलं. पाहते तर मागच्या गल्लीतल्या सिद्धम्माकाकू. इरकली नेसलेल्या, कपाळावर ताजं भस्म.

"दामिनी, गॅस बंद कर. मला कॉलेजच्या संग्रहालयात घेऊन चल."

"आत्ता? पोहे तरी खा, काकू."

"पोहे कुठं पळून जात न्हाईत. माझा डोळा चाललाय."

खरंच होतं ते. लातूरच्या आमच्या भागातल्या साड्यांना फॉल-पिको काकूंनीच केलं. दोरा जुळवायला त्या कधी उन्हात गेल्या नाहीत. जांभळ्यातली करडी झाक त्यांना घरातच दिसायची. आता डावा डोळा विझलाय, आणि उजव्याचाही भरवसा डॉक्टर देत नाहीत.

रिक्षात त्या मनानं उदगीरच्या माहेरी जाऊन बसल्या. वडील वीरण्णा व्यापारी. हैदराबादच्या बाजारातून त्यांनी मीनाकारीचं ताट आणलं, पितळेवर गर्द निळा रंग, त्यात हिरवी पानं. घरी आईनं चिंच लावून धुतलं, तर मळ निघून पानांना डोळे फुटले.

"मासे निघाले गं! आमची आजी म्हणते कशी, 'वीरण्णा, गळ्यात लिंग अन् हातात मासे?'"

लिंगायताचं घर. ताट उंबऱ्याबाहेरच राहिलं. दुपारी सगळे निजले, की आई अंगणात त्यात पाणी ओतायची आणि बोटानं हलकेच ढवळायची. मासे चालू लागायचे. पोटावर पडून बघता बघता लहानग्या सिद्धम्माला वाटायचं, अंगणच हळूहळू वाहू लागलंय, आता आईसुद्धा तरंगेल. पुढं आई गेली, आणि भाऊ विरूपाक्षानं ताट संग्रहालयाला देऊन टाकलं.

संग्रहालयात काचेमागं ताट उभं करून ठेवलं होतं. निळा तसाच गर्द, पण मासे तोंडं वर करून थिजलेले. काकूंनी काचेला कपाळ टेकलं.

संग्रहालय सांभाळणारी पुनम खुर्ची घेऊन आली. "सुंदर आहे ना, आजी?"

"लई सुंदर हाय, बाई. पण चालंना झालेत." काकूंनी तिचा हात धरला. "ताट खाली जमिनीवर ठेव, अन् त्यात तांब्याभर पाणी ओत. एकदाच."