मिठागरातला फुटबॉल आणि पुंडलिकचा बाप

फुटबॉल पहिल्यांदा कुठे खेळला गेला, यावर जगात अजून भांडण आहे. चिनी म्हणतात आमच्याकडे. इंग्रज म्हणतात, नियम आम्ही केले, म्हणजे खेळही आमचाच. पुंडलिक म्हात्रेला हे दोन्ही पक्ष अडाणी वाटतात. त्याच्या मते फुटबॉल जन्मला पेणजवळच्या आमच्या गावात, खाडीकाठच्या मिठागरात, त्याचा बाप रघू याच्या उजव्या पायातून. पुरावा मागितला की तो म्हणतो, "चिन्यांकडं तुम्ही मागितला व्हता काय?"

पुंडलिक पेणच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करतो. हात स्थिर, जीभ सैल. वर्ल्डकप आला की मोबाईलवर परदेशी म्हाताऱ्यांच्या मुलाखती बघत बसतो. कुणी ब्राझीलचा, आजोबांचं बोट धरून पाहिलेला सामना आठवून रडणारा. भाषा ओ की ठो कळत नाही, तरी खालच्या मराठी ओळी वाचत पुंडलिक त्यांच्या बरोबरीने रडून घेतो आणि नाक पुसत म्हणतो, "यांचा आजा नुसता बघाया गेलता. माझा बापूस खेळला."

खरं सांगायचं तर रघू जन्मभर मिठाच्या पाट्या वाहत मेला आणि मागे त्याचा एक फोटोसुद्धा राहिला नाही. बापाचं नाव कुठेतरी लागावं, एवढंच पुंडलिकला हवं होतं. त्याची थट्टा मीही करतो, पण हे ठाऊक असल्यामुळे जरा बेतानं.

यंदा गावच्या मंडळाने फुटबॉल स्पर्धेला इथल्या पहिल्या खेळाडूचं नाव द्यायचं ठरवलं. लगेच रोह्याहून निवृत्त शिक्षक गोपाळराव अवतरले. या भागात पहिला चामडी चेंडू म्हणे त्यांच्या आजोबांनी आणला. त्यांच्या घरी लाथा खायला गडी होते, चेंडूची गरज का पडली देव जाणे. मंडळाचा अध्यक्ष विशाल डोलवीला ठेकेदाराकडे कामाला जातो आणि शिफ्ट सांभाळून लोकशाही चालवतो. त्याने तोडगा काढला, "बायजाआजीला इचारू. त्या वक्ताची तीच उरलीय."

बायजाबाई म्हणजे पुंडलिकची आई. साक्षीदार घरचाच निघाल्यावर पुंडलिकला धीर कुठला? निकालाच्या आधीच त्याने शाडूच्या मातीत बापाचा पुतळा घडवून टाकला. पण हात शेवटी गणपतीवाल्याचा. देवाच्या हातात मोदक द्यायचा, तसा त्याने बापाच्या वर केलेल्या हातात चेंडू दिला. फुटबॉलच्या जनकाला पायही होते, पण त्यांच्याकडे काही काम सोपवलेलं नव्हतं.

ठरल्या दिवशी सगळे कारखान्यात जमले. बायजाबाई पुतळ्यासमोर उभी राहिली. मग मातीच्या गालावरून तिने हळूच बोट फिरवलं.

"तोंड बराबर केलंस रं," ती म्हणाली.

"आये, गावात पयला चेंडू बाबानंच मारला ना?" पुंडलिकने घाईघाईने विचारलं.

"ह्यानं? ह्यो तर बांधावर उभा असायचा. मिठाची जमीन आम्ही बाया पायानं तुडवायचो, घट्ट कराया. नाय तर मिठात चिखल येतो. तुडवून तुडवून पाय पेटायचे. येक दिस मी चिंध्यांचा गोळा केला नि दिली लाथ हाणून. मंग रोजच."

गोपाळरावांना खोकला आला. विशालने "महिला गट पुढच्या वर्षी..." असं काहीतरी पुटपुटून पाहिलं. पुंडलिक मात्र तिरीमिरीत पुढे झाला आणि त्याने पुतळ्याच्या हातातला चेंडू ओढून काढला. बाप पुन्हा बिननावाचा झाला होता, आणि तेही आईच्या तोंडून. मला फार वाईट वाटलं.

पुतळ्याचा रिकामा हात तसाच वर राहिला.

"आता खरा दिसतो," बायजाबाई म्हणाली. "असाच हात वर करून वरडायचा, मार गो बायजे, मार!"

"आनि बाकीची लोकं?" विशालने विचारलं.

"लोकं हसायची. बाईमानूस लाथा मारतं म्हनून. आख्ख्या मिठागरात ह्यो येकटा हसला नाय."