पहिला फोन कोणाला?

बिल्डरचे वडील लिफ्टच्या दारात उभे होते. डोक्याला नवा फेटा, हातात नारळ. मागे भटजी, घरची मंडळी, फ्लॅट घेतलेली काही कुटुंबं आणि उंच धरलेले मोबाइल. सगळे आत शिरायच्या बेतात होते आणि माझा मेकॅनिक संतोष जिन्याजवळ भिंतीला टेकून स्वतःच्या बुटांकडे बघत उभा होता.

आमच्याकडे एक रीत आहे. नव्या लिफ्टच्या पहिल्या फेरीत, ज्याने ब्रेक सेट केला तो मेकॅनिक पाहुण्यांबरोबर आत बसतो. कुठल्याही मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं नाही, पण मी या धंद्यात आलो तेव्हापासून पाळत आलोय. या लिफ्टचा ब्रेक संतोषने सेट केला होता आणि तो जागचा हलत नव्हता.

“दोन मिनिटं हं काका, शेवटचं चेकिंग,” असं म्हणून मी संतोषला जिन्यामागे घेतलं.

“काय रे?”

“साहेब, सरकतीय.”

“म्हणजे?”

“सकाळी उरलेल्या टाइल्सचे बॉक्स भरून बघितली. मजल्याला थांबतीय, अन् मग हळूच खाली सरकतीय. दोनदा झालं.”

इथे थोडं समजावून सांगतो. मजल्यावर थांबलेली लिफ्ट जागेवर धरून ठेवतो तो ब्रेक. गच्चीवरच्या मशीनरूममध्ये मोटरशेजारी एक लोखंडी ड्रम असतो. त्याला दोन्ही बाजूंनी ब्रेकचे शूज आवळून धरतात. हा ड्रम कोरडा ठणठणीत हवा. त्याला तेल लागलं की ओल्या हाताने घट्ट झाकणाचा डबा उघडायला जावं तसं होतं. जोर असतो, पकड नसते. आणि दार उघडं असताना लिफ्ट सरकली, तर त्याच क्षणी आत पाय टाकणाऱ्या माणसाचं काय होतं, ते मी इथे लिहीत नाही.

“सकाळपासून माहितीय, मग प्रशांत सरांना सांगितलं का नाहीस?” मी विचारलं. मी स्वतः नुकताच साइटवर पोचलो होतो.

“सर आलते ना. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी पेढाच घातला तोंडात. म्हणाले, आज चांगला दिवस हाय संतोष, हसून राहायचं. मग काय सांगू?”

“मग केलंस काय?”

“मॅडमना फोन लावला. निघाल्यात त्या.”

प्रशांत सर आमचे इन्स्टॉलेशनचे हेड आणि गोखले मॅडम टेस्टिंगच्या. दोघंही माझ्या वरचे. पण आमच्या माणसांचा जीव होता तो सरांवर. सर आमच्या डब्यातली भाजी खायचे, माझ्या आईची शुगर लक्षात ठेवायचे. संतोषला मुलगी झाली तेव्हा मांजरी गावात त्याच्या घरी जाऊन पैंजण देऊन आले. उलट मॅडमच्या तोंडून “छान” हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. एकदा माझं वायरिंग बघून म्हणाल्या होत्या, “ही केबल आहे का शेवयांचं वाळवण?” माझ्यासारख्या अमरावतीच्या माणसाला असलं पुणेरी बोलणं पचायला वेळ लागतो. मला अजून लागतोय.

त्यात त्या दिवशी आणखी एक गोष्ट डोक्यात होती. प्रशांत सर आमची कंपनी सोडून स्वतःची काढत होते. “तू ये, तुझी माणसं तुझ्यामागे येतील,” असं त्यांनी मला सांगितलं होतं. संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं. बायकोशी बोलणं झालं होतं आणि आमचं जवळजवळ हो ठरलं होतं. माझ्या टीममधल्या पोरांनीही मान डोलावली होती. मी चुकीच्या माणसामागे गेलो असतो तर एकटा गेलो नसतो, हे मला पक्कं माहीत होतं.

मी सरांना बाजूला घेऊन ब्रेकचं सांगितलं. त्यांचं हसू जराही हललं नाही.

“अरे, नव्या मशीनचं होतं असं. एक फेरी हळूच नेऊ, दुपारी बघू.”

“सर, माणसं आहेत आत.”

“मी स्वतः बसतो ना आत! माझ्यावर विश्वास नाही तुझा?”

खरं सांगतो, ते बसले असते. माणूस भित्रा नव्हता. मी म्हणालो, “सर, तुम्ही बसल्याने ड्रम कोरडा होणार नाही.”

“तू फार निगेटिव्ह विचार करतोस बघ,” असं म्हणत त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. एरवी त्या हाताने मला धीर आला असता. तेवढ्यात गेटमधून गोखले मॅडमची स्कूटर आत आली.

त्यांनी कोणाला नमस्कार केला नाही. हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं, संतोषला म्हणाल्या, “चल,” आणि जिना चढायला लागल्या. सात मजले. मी मागून धापा टाकत गेलो. वर त्यांनी टॉर्च मारला, ड्रमच्या कडेला बोट फिरवलं आणि ते बोट मला दाखवलं. तेलाने चकचकत होतं. गिअरबॉक्सचं सील गळत होतं. सील म्हणजे तेल बाहेर येऊ नये म्हणून बसवलेली रबराची रिंग.

मॅडमनी मेन स्विच पाडला, त्याला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

“सकाळी कळलं होतं ना?” त्या संतोषवर कडाडल्या. “मग स्विच तेव्हाच का नाही पाडलास? मी येईपर्यंत कोणी बसलं असतं म्हणजे? पुन्हा अशी वाट बघायची नाही. आधी बंद, मग फोन.”

संतोष मान खाली घालून उभा राहिला. पण खाली उतरताना माझ्या कानाशी म्हणाला, “ओरडल्या. आता टेन्शन नाय.”

खाली बिल्डर तापला होता. “मुहूर्त टळतोय मॅडम! लोकांना काय सांगू मी?”

“लिफ्टमध्ये तेल गळतंय आणि ब्रेक सरकतोय, असं सांगा. मशीन पाठवायच्या आधी सील तपासायला हवं होतं. ते काम माझ्या डिपार्टमेंटचं. चूक आमची आहे.”

“पुढच्या दोन बिल्डिंगच्या लिफ्ट मी तुम्हाला देणार नाही.”

“ते आपण ठरवा. ही कधी चालू करायची ते मी ठरवणार.”

प्रशांत सर मध्ये पडून हसत काहीतरी बोलायला गेले. तेवढ्यात बिल्डरचे वडीलच पुढे आले. ही बिल्डिंग उभी आहे ते वाघोलीतलं शेत एकेकाळी त्यांचंच. त्यांनी मॅडमना विचारलं, “बाई, पूजा तरी करता येती का न्हाय?”

“करा की काका. पूजेला लिफ्ट चालू असावी लागत नाही.”

म्हातारा खळखळून हसला. बंद दाराला हार घातला, नारळ फोडला आणि खुर्ची मागवून तिथेच बसला. पेढे वाटले गेले. मॅडमनी पेढा रुमालात बांधून घेतला आणि संतोषला सील आणायला पेठेत पिटाळलं.

दुपारी आम्ही मशीन खोललं. काम करता करता मी माझ्या पोरांना सहज विचारलं, “सर कसे वाटतात रे?” सगळे म्हणाले, लई भारी माणूस. मग विचारलं, “कामात काही बिघडलं तर पहिला फोन कोणाला करता?” सगळे म्हणाले, मॅडमना. आणि असं म्हणताना कोणालाही त्यात काही वेगळं वाटलं नाही.

मला मात्र वाटलं. कारण मीही तेच करत होतो. सरांना वाढदिवसाला फोन करायचो, काम अडलं की मॅडमना. सर कधी चिडले नव्हते, पण वाईट बातमी त्यांच्यापर्यंत पोचायचीच नाही. ते ती हसून परत पाठवायचे. ज्यांच्या साइटवर चूक सांगायला जागा नाही, त्यांच्यामागे पोरांना घेऊन जायची मला त्या दिवशी खरोखर भीती वाटली.

संध्याकाळी सरांना नाही म्हणून कळवलं. ते रागावले नाहीत. त्यांची कंपनी बरी चाललीय, आजही त्यांच्या घरच्या सत्यनारायणाला मी जातो आणि ते मिठी मारतात. नवे इंजिनिअर मला विचारतात, चांगला बॉस ओळखायचा कसा? मी सांगतो, मागच्या वेळी तुमच्या हातून काम बिघडलं तेव्हा कोणाला फोन लावला होता ते आठवा. त्याच्या हाताखाली राहा. तो ओरडत असेल, तर ओरडू दे.

सील बसलं, ब्रेक धरला. दुसऱ्या दिवशी म्हातारा पहिल्या फेरीत वर गेला आणि शेजारी संतोष छाती काढून उभा होता. तेवढ्यात खाली दारापाशी उभ्या असलेल्या मॅडमना मी सांगितलं, “मॅडम, मी सरांबरोबर जात नाहीये. इथेच राहतोय.”

त्यांनी दारावरच्या इंडिकेटरमधल्या मजल्याच्या आकड्यांवरची नजर काढली नाही. “मग मला कशाला सांगताय? जाणार असतात तर सांगायचं.”